घडा आणि धडा यांच्यातला एक पिक्सेल

बावीस इंची मॉनिटरवर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस एक दिवस सत्तावीस इंची घरी आणतो. चाळिशी उलटलेली असते, अक्षर जरा मोठं दिसावं एवढीच अपेक्षा असते. लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, दुकानात त्या पडद्यावर समुद्र, मोरपिसं आणि फळांच्या फोडी झकास दिसलेल्या असतात. घरी आणून सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त उघडलं की मात्र हिरमोड होतो. अक्षर मोठं झालंय खरं, पण कडा करवतीसारख्या, अनुस्वार चौकोनी आणि वेलांटीचा बाक पायऱ्यापायऱ्यांचा. आणि खिशातल्या साडेसहा इंची फोनवर तेच इतिवृत्त छापल्यासारखं सुबक दिसतं. मोठा, नवाकोरा पडदा एवढ्याशा फोनपुढे कमी का पडतो?

याचं उत्तर खोक्यावरच छापलेल्या दोन आकड्यांत असतं. ते दोन आकडे एकत्र मांडून सांगायची पद्धत मात्र दुकानात नाही.

वाढले ते इंच

पडद्यावरचं प्रत्येक चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचं बनलेलं असतं. हे ठिपके म्हणजे पिक्सेल. ‘फुल एचडी’ म्हणजे आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० पिक्सेल, एकूण २०,७३,६००. मॉनिटर बावीस इंची असो, चोवीस इंची असो की सत्तावीस इंची, फुल एचडी असेल तर संख्या तीच राहते. म्हणजे सत्तावीस इंची घेताना तुम्ही जास्त पिक्सेल विकत घेत नाही, तेच पिक्सेल ताणून मोठे केलेले विकत घेता.

पिक्सेल किती मोठा झाला की डोळ्याला खुपतो? निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखू शकतो. मॉनिटर आपण साधारण साठ सेंटिमीटरवरून पाहतो. तेवढ्या अंतरावर हा साठावा भाग सुमारे ०.१७ मिलिमीटर भरतो. पिक्सेल याहून बारीक असेल तर तो सुटा दिसत नाही, रेघ सलग वाटते. त्याहून जितका मोठा, तितक्या पायऱ्या दिसायला लागतात. फोनचा पिक्सेल जेमतेम ०.०६ मिलिमीटरचा असतो. आपण फोन जवळ धरतो, तरीही त्याचा पिक्सेल डोळ्याच्या पकडीत येत नाही.

---

चौकट : एका पिक्सेलची रुंदी

पडद्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, फक्त उजळणारा भाग धरून. तिला आडव्या पिक्सेलांच्या संख्येने भागा. येईल ती एका पिक्सेलची रुंदी.

साडेएकवीस इंची, फुल एचडी : ०.२५ मिमी
चोवीस इंची, फुल एचडी : सुमारे ०.२७ मिमी
सत्तावीस इंची, फुल एचडी : ०.३१ मिमी
सत्तावीस इंची, २५६० × १४४० : ०.२३ मिमी
सत्तावीस इंची, फोर-के म्हणजे ३८४० × २१६० : ०.१६ मिमी
बत्तीस इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही, १३६६ × ७६८ : ०.५२ मिमी

मराठी मजकुराचं काम असेल तर ०.२८ च्या वर जाऊ नये.

---

शेवटचं वाक्य मी मराठी मजकुराबद्दल लिहिलंय, त्याला कारण आहे. रोमन अक्षर बरंचसं एका पट्टीत बसतं. आपलं अक्षर तीन मजली असतं : वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, मध्ये शिरोरेघ आणि अक्षराचं अंग, खाली उकार आणि ऋकार. विंडोजवर नेहमीच्या मापात बारा पॉइंटचा टाइप म्हणजे १६ पिक्सेल उंची. त्यात हे तिन्ही मजले कोंबायचे असतात, आणि अक्षराच्या मूळ अंगाच्या वाट्याला जेमतेम निम्मे पिक्सेल येतात. ‘सर्वांच्या’ हा शब्द घ्या. ‘वां’च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार शेजारीशेजारी येतात. दोन्हींच्या मध्ये एक पिक्सेलभर मोकळी जागा मिळाली तर ते वेगळे दिसतात, नाही तर नुसता काळा गोळा.

याहून नाजूक मामला घ आणि ध यांचा. घ ची शिरोरेघ सलग असते, ध ची सुरुवातीला तुटलेली असते. म आणि भ यांचंही तसंच. लहान टाइपात ही तूट फार तर एक-दोन पिक्सेलांची. पडद्यावर ती पुसट झाली की ‘घडा’ आणि ‘धडा’, ‘भार’ आणि ‘मार’ यांत डोळा अडखळतो. आपण संदर्भाने बरोबर वाचतो, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण दिवसभर असं अंदाजाने वाचलं की संध्याकाळी डोळे थकतात. मुद्रितशोधन करणाऱ्याला किंवा सातबाऱ्यावरची नावं तपासणाऱ्याला तर संदर्भाचाही आधार नसतो. आडनाव घाग आहे की धाग, हे पडद्याने स्पष्ट दाखवायलाच हवं.

म्हणून दुकानात जाताना स्वतःचं काम बरोबर न्या. पेन ड्राइव्हवर एक पानभर मराठी मजकूर घ्या : घडा-धडा, भार-मार, घन-धन, सर्वांच्या, वर्षांपूर्वी, कर्तृत्व, दृष्टी, र्‍हास. टाइप दहा पॉइंटचा ठेवा आणि हातभर अंतरावरून वाचा. मोरपिसांची चित्रफीत कोणत्याही पडद्यावर छान दिसते, कारण ती त्यासाठीच बनवलेली असते.

माझं स्पष्ट मत सांगतो. सत्तावीस इंची फुल एचडी हा मराठीत काम करणाऱ्यासाठी सर्वांत वाईट सौदा आहे. त्यापेक्षा चोवीस इंची फुल एचडी घ्यावा, आणि सत्तावीसच हवा असेल तर २५६० × १४४० चा. फोर-के घेतला तर अक्षर सर्वांत देखणं येतं, पण विंडोजच्या सेटिंगमध्ये स्केल दीडशे टक्के करावं लागतं, एरवी मजकूर मुंगीएवढा दिसतो. स्वस्तात मिळतो म्हणून बत्तीस इंची टीव्ही मॉनिटर म्हणून वापरणारी ऑफिसं मी पाहिली आहेत. त्यातले बरेच टीव्ही रंगांची माहिती निम्म्याने गाळून दाखवतात. सिनेमात हे कळत नाही, पण लाल अक्षरांत लिहिलेल्या सूचनेच्या कडा फिसकटतात.

दोष मॉनिटरचाच असतो असं नाही

अक्षर पुसट दिसतंय म्हणून मॉनिटर परत करायच्या आधी दोन गोष्टी पाहा. पहिली रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या पिक्सेलांची संख्या. सपाट पॅनेलची पिक्सेलांची जाळी कारखान्यातच ठरलेली असते. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला रिझोल्यूशन बदललेलं खपायचं, याला खपत नाही. १९२० च्या जाळीवर १३६६ चं चित्र पाठवलं की एका पिक्सेलचा रंग सुमारे दीड पिक्सेलावर पसरवावा लागतो आणि सगळं पान धुरकट होतं. तेव्हा सेटिंगमध्ये जे रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’ म्हणून दाखवलेलं असतं तेच ठेवायचं. अक्षर मोठं हवं असेल तर स्केल वाढवायचं, रिझोल्यूशन कमी करायचं नाही.

दुसरी गोष्ट केबल. निळ्या टोकाची, दोन बाजूंना स्क्रूवाली व्हीजीए केबल अजून कितीतरी ऑफिसांत आहे. तिच्यातून आकडे जात नाहीत, चढउतार होणारा विद्युतदाब जातो, आणि मॉनिटरला त्यावरून पिक्सेल कुठे सुरू झाला याचा अंदाज बांधावा लागतो. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची केबल लावली की पुष्कळदा तोच मॉनिटर नवा वाटतो.

मागे सतत तेवणारा दिवा

आता पडद्याच्या आत जाऊ. एलसीडी मॉनिटरमधला पिक्सेल स्वतः उजळत नाही. मागे पांढरा एलईडी दिवा सतत चालू असतो आणि पिक्सेलचं काम फक्त तो प्रकाश अडवायचं किंवा सोडायचं. कालव्याला पाणी सोडलंय आणि शेतकरी वाफ्यावाफ्याला दारं धरतोय, असं समजा. कालवा वाहताच असतो. कोणत्या वाफ्यात किती पाणी जाऊ द्यायचं एवढंच त्याच्या हातात.

इथे दार म्हणजे द्रवस्फटिक. प्रागमध्ये काम करणारे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर यांना १८८८ मध्ये गाजरातल्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करताना एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. १४५ अंशांच्या आसपास तो गढूळ द्रव झाला आणि १७८ अंशांच्या पुढे स्वच्छ. मधल्या गढूळ अवस्थेत तो द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकासारखे एका दिशेने रांगेत असतात. विजेचा दाब दिला की ही रांग वळते. पुढेमागे ध्रुवक पापुद्रे लावले, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारे पापुद्रे, की रेणूंच्या वळण्याने प्रकाशाची वाट उघडते किंवा बंद होते. प्रत्येक पिक्सेलमध्ये अशी तीन दारं, त्यांच्यापुढे लाल, हिरवी आणि निळी काच. तिन्हींतून किती प्रकाश येतो त्यावर पिक्सेलचा रंग ठरतो.

दार कितीही घट्ट लावलं तरी थोडं पाणी झिरपतंच. मॉनिटरवरचा काळा रंग रात्री राखाडी दिसतो तो यामुळेच. पांढरा किती पट उजळ आणि काळा किती गळका, याचं गुणोत्तर म्हणजे कॉन्ट्रास्ट. हजारास एक म्हणजे पांढरा भाग काळ्याच्या हजारपट उजळ. खोक्यावर ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ म्हणून लाखांतले, कोटींतले आकडे असतात. ते काळं चित्र आलं की मागचा दिवाच मंद करून मिळवलेले असतात. एकाच पानावर काळं अक्षर आणि पांढरा कागद शेजारीशेजारी असताना त्याचा काडीचा उपयोग नाही. ‘स्टॅटिक’ किंवा ‘टिपिकल’ लिहिलेला आकडाच पाहायचा.

दारं तीन प्रकारची

टीएन पॅनेल सर्वांत जुनं, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या शोधावर उभं. रेणू पीळ घेतलेले असतात आणि दाब दिला की उभे राहतात. स्वस्त आणि चपळ, पण समोरून जरा हललं की रंग बदलतात. खुर्चीत मागे रेललात तर पडद्याचा वरचा भाग काळवंडतो. आज ऑफिससाठी ते घ्यायचं कारण उरलेलं नाही.

आयपीएस हिताची कंपनीने १९९० च्या दशकात बाजारात आणलं. यात रेणू पडद्याच्या पातळीतच आडवे वळतात, त्यामुळे बाजूने पाहिलं तरी रंग तेच राहतात. दोघं शेजारी बसून एकच तक्ता पाहत असतील तर याचं महत्त्व कळतं. कॉन्ट्रास्ट साधारण हजारास एक. अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यांना फिकट झाक दिसते, ती या जातीची खोड आहे, बिघाड नव्हे.

व्हीए पॅनेलची दारं जास्त घट्ट बसतात. कॉन्ट्रास्ट तीन हजारास एकच्या घरात, म्हणजे रात्री सिनेमा पाहायला उत्तम. पण काळ्यातून राखाडीत जाताना त्याचे रेणू आळसावतात, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर सरकवला की मागे शेपूट उमटतं. मजकूर आणि आकडे हेच काम असेल तर मी आयपीएसच घ्यायला सांगेन.

ओएलईडीत मागचा दिवाच नसतो. कालवा बंद आणि प्रत्येक वाफ्याला स्वतःची विहीर. काळा तिथे खरोखर काळा. चित्रं आणि खेळ यांसाठी त्याला तोड नाही, पण दिवसभर एकाच जागी असणारी टास्कबार आणि एक्सेलची चौकट हळूहळू पडद्यावर कायमची उमटू शकते. शिवाय अनेक ओएलईडी पॅनेलांत लाल-हिरव्या-निळ्याची मांडणी नेहमीपेक्षा वेगळी असते आणि विंडोज अक्षरांच्या कडा नेहमीच्या मांडणीला धरून गुळगुळीत करतं. परिणामी काळ्या अक्षराला किंचित रंगीत किनार दिसते. ऑफिससाठी घाई करू नये.

खोक्यावरचे बाकीचे आकडे

‘वन मिलिसेकंद’ हा रंग बदलायला लागणारा वेळ. तो बहुधा पॅनेलला सर्वांत जोराने रेटून मिळवलेला असतो. त्या सेटिंगवर पुष्कळदा हलत्या वस्तूंभोवती उलट्या रंगाची कड येते. हिशेब लिहिणाऱ्याने तो आकडा सोडून द्यावा.

रीफ्रेश रेट मात्र उपयोगाचा आहे. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला साठ चित्रं, दर चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद. १०० हर्ट्झला तोच वेळ १० वर येतो. लांबलचक तक्ता खाली सरकवताना ओळी कमी फाटतात. किमतीत फार फरक नसेल तर १०० घ्यावा. फोर-के घेताना जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय तपासा. १.४ आवृत्तीचं असेल तर ते फोर-केला सेकंदाला तीसच चित्रं पुरवतं आणि माउसचा बाण अडखळत सरकतो.

रंगांच्या बाबतीत दोनच गोष्टी पाहा. पॅनेल खरं आठ बिटांचं असेल तर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, एकूण १,६७,७७,२१६ रंग. सहा बिटांच्या पॅनेलला ६४ छटाच येतात. मधल्या छटा ते दोन रंग भराभर आलटूनपालटून भासवतं. पत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं किंवा फोटो यांचं काम असेल तर आठ बिट आणि एसआरजीबी हा रंगपट जवळपास पूर्ण दाखवणारा मॉनिटर घ्या. बाकीच्यांना एवढं पुरे की दुकानदाराकडून ‘व्हिव्हिड’ मोड काढून ‘स्टँडर्ड’ करवून घ्यायचा आणि मगच दोन मॉनिटर शेजारी ठेवून पाहायचे. ‘एचडीआर’ची, म्हणजे जास्त उजळ आणि जास्त गडद चित्राची, चिठ्ठी स्वस्त मॉनिटरवर असेल तर तो तशा प्रकारचा संदेश स्वीकारतो एवढाच तिचा अर्थ. तो दाखवण्याइतका उजेड आणि कॉन्ट्रास्ट त्याच्याकडे असेलच असं नाही.

डोळे कशाने दुखतात

निळ्या प्रकाशाची भीती घालून बरंच काही विकलं जातं. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीने, संगणकासाठी निळा प्रकाश रोखणारे चष्मे वापरायची शिफारस केलेली नाही. पडद्याकडे पाहताना आपण पापण्या फार कमी मिटतो, त्याने डोळे कोरडे पडतात, हे खरं कारण.

मॉनिटरच्या बाजूने खरा त्रास दोन गोष्टींचा. एक म्हणजे लुकलुक. ब्राइटनेस कमी केला की काही मॉनिटर दिवा मंद करत नाहीत. सेकंदाला शेकडो वेळा तो चालू-बंद करतात आणि बंद असायचा वेळ वाढवतात. डोळ्याला हे थेट दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. याची परीक्षा दुकानातच होते. पडदा कोरा पांढरा करा, ब्राइटनेस वीस-तीस टक्क्यांवर आणा आणि पेन्सिल पडद्यापुढे भरभर हलवा. तिची सलग पुसट पट्टी दिसली तर ठीक. पंख्यासारख्या सुट्यासुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतोय. फोनच्या कॅमेऱ्यात शटर एक हजारांश सेकंदावर ठेवून पाहिलं तर लुकलुकणाऱ्या पडद्यावर काळे पट्टेही दिसतात.

दुसरा त्रास नको तितक्या उजेडाचा. बहुतेक मॉनिटर २५० ते ३०० निट (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) प्रकाश देतात आणि दुकानातून येताना पूर्ण उजेडावर लावलेले असतात. पांढरा कागद पडद्याशेजारी धरा. पडद्यावरचं कोरं पान त्या कागदाइतकंच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. खोलीत दिवसा एक आणि रात्री एक अशी दोन सेटिंग लागतील. खिडकी पाठीमागे असेल तर तिचं प्रतिबिंब पडद्यात येतं, समोर असेल तर डोळे दिपतात. टेबल असं लावा की खिडकी बाजूला येईल, आणि चकचकीत काचेऐवजी मॅट पडदा घ्या.

स्टँड

स्वस्त मॉनिटर फक्त पुढेमागे कलतो, वरखाली होत नाही. मग त्याखाली टेलिफोन डिरेक्टरीची जागा आता प्रिंटर-कागदाच्या रिमने घेतलेली दिसते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. दोन भिंगांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी खाली, नाही तर मान वर करून वाचावं लागतं आणि दुखणं मानेत जातं. वरखाली होणारा स्टँड असेल तर थोडे जास्त पैसे मोजा. नसेल तर मागच्या बाजूला शंभर मिलिमीटरच्या चौकोनात चार स्क्रूंची भोकं आहेत का ते पाहा, म्हणजे पुढे मॉनिटर तोलून धरणारा बाजारातला हात लावता येतो. लॅपटॉपवाल्यांनी यूएसबी-सी असलेला घेतला तर एकाच केबलने चित्रही जातं आणि चार्जिंगही होतं. मात्र तो किती वॅट देतो आणि लॅपटॉपला किती लागतात, हे जुळवून पाहावं.

मेलेले पिक्सेल

फुल एचडी पॅनेलवर तीन रंग धरून ६२ लाखांहून जास्त दारं असतात. एखादं कायमचं बंद किंवा कायमचं उघडं राहतं. ग्राहकाला तो दोष वाटतो, कंपनीला दरवेळी तसं वाटत नाही. आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ९२४१-३०७ मध्ये, पॅनेलांचे वर्ग पाडलेले आहेत. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलांमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम विझलेले आणि एकाच रंगापुरते बिघडलेले पाच चालतात. म्हणजे फुल एचडीवर चार काळे ठिपके असूनही मॉनिटर त्या वर्गात नियमाप्रमाणे चांगलाच ठरतो, आणि त्यातला एक ठिपका नेमका अनुस्वाराएवढा असतो.

तेव्हा खोकं दुकानातच उघडा. पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच कोरे पडदे एकेक करून पाहा. पांढऱ्यावर विझलेला ठिपका दिसेल, काळ्यावर पेटलेला, आणि उरलेल्या तिघांवर एकाच रंगाचं अडकलेलं दार. पाठीमागच्या पट्टीवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही तिथेच पाहून घ्या. किती ठिपक्यांना आणि किती दिवसांत बदलून मिळेल, हे दुकानदाराच्या तोंडी शब्दावर सोडू नका, बिलावर लिहून घ्या. खोकं आणि आतलं थर्मोकोल ती मुदत संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या.